कलम नऊ: कांजी नावाचा ससा

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा लॉन्ड्री, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. चष्मा लावला की सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात जातो. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट 'आत्ताच कशाला अभद्र बोलतेस' म्हणून घरच्यांनी मोडताच घातला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे आधीचं रद्द वगैरे करण्याचा प्रश्न येत नाही.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणाले, "आजी, हल्ली हे आमचं रोजचं काम आहे." रेशमी कपडा घेताना मीही गिऱ्हाइकाला हेच सांगते, आणि एखादा कपडा तरी बिघडतोच हे मला ठाऊक असतं. मी मरायला निघालेली नाही. शुक्रवारी शुद्धीवर येऊन चहा मागायचा माझा पक्का बेत आहे. पण हातातलं काम अर्धवट टाकून मी कधी दुकान बंद केलेलं नाही, म्हणून हा कागद.

मसुदा वकिलांनी पाहिला. "काकू, यात गोष्टी फार आहेत," म्हणाले. म्हटलं, तुमच्या कोटांच्या खिशात सापडलेल्या गोष्टी मी कधी बाहेर जाऊ दिल्या नाहीत, तर माझ्या गोष्टी तुम्ही आत राहू द्या. त्यांनी एकही गोष्ट खोडली नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तेच करतील.

कलम एक. दुकान. कोपऱ्यावरची लॉन्ड्री, तिच्यातली धुण्याची आणि वाळवण्याची यंत्रं, काउंटर, हँगर, मागची खोली, हे सर्व माझं स्वकष्टार्जित असून ते मी माझ्या मुलीला देत आहे. नवरा गेला तेव्हा इथे एकच यंत्र होतं आणि तेही सुरू केलं की नाचत नाचत दारापर्यंत यायचं. त्यावर बसून मी ते जागेवर ठेवत असे. मुलगी शाळेत गणित शिकवते. तिला दुकान चालवायचं असेल तर चालवावं, नसेल तर भाड्याने द्यावं किंवा विकून टाकावं. फक्त समोरच्याला विकू नये. का, ते कलम सहामध्ये.

दुकानातली 'तीन महिन्यांत न नेलेल्या कपड्यांची जबाबदारी आमची नाही' ही पाटी काढू नये. या पाटीपायीच मी ससेवाली झाले. एक नवराबायको घर बदलत होते. जाता जाता पडदे धुवायला टाकले आणि झाकणाची एक टोपली काउंटरवर ठेवली. "काकू, संध्याकाळपर्यंत एवढी राहू दे, खाली ट्रक थांबलाय." त्यांची संध्याकाळ काही आली नाही. टोपलीत पांढराशुभ्र ससा, आणि त्याच्या नाकावर एक बदामी डाग, चहाचा थेंब पडावा तसा. पाटीप्रमाणे तीन महिने वाट पाहिली. पडद्यांचे मी ॲप्रन शिवले. सशाचं काय शिवणार? पदरी पडलं आणि पवित्र झालं.

कलम दोन. घर. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीचा हक्क मी माझ्या मुलाला देत आहे. मुलगा दुसऱ्या गावी नोकरी करतो, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि फोनवर हिशेबी बोलतो. सशाच्या पहिल्या एक्स-रेच्या वेळी तो म्हणाला होता, "आई, एवढ्या खर्चात दहा ससे येतील." मी म्हटलं, "तुझ्या शिक्षणाच्या खर्चात दहा मुलगेही आले असते, पण मला तूच हवा होतास." तो हसला आणि पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. चांगला मुलगा आहे.

वकिलांनी सुचवलं होतं की 'जो ससा सांभाळेल त्यालाच घर' अशी अट घाला, म्हणजे कोणीतरी झक मारत सांभाळेल. मी स्पष्ट नाही म्हटलं. झक मारत धरलेला हात सशाला लगेच कळतो. तो अंग आखडून घेतो, आणि अंग आखडलेल्या सशाची लघवी दाबून काढता येत नाही. ती का काढावी लागते, ते कलम चारमध्ये. म्हणून घर आणि दुकान दोन्ही बिनशर्त दिलेली आहेत. त्यात सशाचा काही संबंध नाही.

कलम तीन. बँकेतली ठेव मुलगा आणि मुलगी यांनी समसमान घ्यावी. एक लहान ठेव मी वेगळी काढली आहे. ती सशाच्या औषधपाण्यासाठी असून वकिलांनी ती परस्पर दवाखान्यात द्यावी. तिच्यातलं काही उरलं तर ते दवाखान्यातल्या इतर जनावरांवर खर्च व्हावं.

कलम चार. इस्त्रीमामा. माझ्याकडे नवऱ्याच्या काळापासून इस्त्री करणारे मामा, यांना ती जुनी जड इस्त्री, तिचं टेबल, आणि दुकानात येऊन चहा प्यायचा कायमचा हक्क. दुकान कोणाचंही होवो, मामांचा चहा थांबता कामा नये.

मामांशी माझं एकदाच मोठं भांडण झालं आणि ते कांजीवरून. काळ्या निळ्या कपड्यांवर, टॉवेलांवर, मागच्या खोलीतल्या चादरीवर पांढरे कडक डाग पडायला लागले. लॉन्ड्रीवाल्याला पांढरा कडक डाग दिसला की त्याच्या डोक्यात एकच गोष्ट येते: कपड्यांना घालायची कांजी सांडली. मी म्हणे, "मामा, तुमचा हात जड झालाय." मामा म्हणत, "ताई, तुम्हीच कांजी दाट करताय." मी पातळ केली. डाग तसेच. मामांनी भांडंच बदललं. डाग तसेच. शेवटी दोघेही एकमेकांशी बोलेनासे झालो. लहान दुकानात दोन माणसं न बोलता काम करायला लागली की हँगर पडल्याचा आवाजही भांडणासारखा वाटतो.

मग एके दिवशी ससा त्याच्या टोपलीत पाठीला बाक काढून बसला, शेपटी वर, आणि ताण देत राहिला. दातांचा कर्रकर्र आवाज. बऱ्याच वेळाने जे बाहेर आलं ते पाणी नव्हतंच; टूथपेस्ट पिळावी तसं पांढरं काहीतरी होतं. मामा आणि मी एकाच वेळी खाली वाकलो, एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "ताई, ही कांजी आपली नाही." त्यावरून त्याचं नाव कांजी पडलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. सशाचं शरीर खाण्यातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतं. काही सशांच्या मूत्राशयात ते बाहेर न पडता खाली बसतं, चुन्याच्या भांड्यात तळाला गाळ बसतो तसं. कांजीचं मूत्राशय शिवाय जरा ढिलं आहे, स्वतःहून पूर्ण रिकामं होत नाही. एकदा भूल देऊन सगळा गाळ धुऊन काढला. पुन्हा साचला. "हे बरं होणारं दुखणं नाही, सांभाळायचं दुखणं आहे," असं त्या म्हणाल्या. म्हटलं, मग सांभाळू. धुतलेला कपडा पुन्हा मळतो म्हणून मी कधी लॉन्ड्री बंद केली नाही.

कलम पाच. थोरले दीर. नवऱ्याच्या तेराव्या दिवसाच्या आतच यांनी मला सांगितलं होतं, "वहिनी, बाईच्या हातात धंदा म्हणजे चार दिवसांचा खेळ." यांना मी एक रुमाल देत आहे, माझ्या हाताने धुतलेला आणि कडक इस्त्रीचा. तो त्यांनी माझ्या माघारी डोळ्याला लावावा, नाही तर नाकाला.

कलम सहा. समोरचा. माझ्या दुकानासमोर ज्याचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे त्या इसमास माझ्या मिळकतीतून काडीही मिळू नये. कारणे: मी विधवा झाले त्याच महिन्यात त्याने दुकान थाटलं. हॉटेलच्या चादरींचं माझं काम त्याने पळवलं. त्याच्या दुकानाचं पाणी रस्त्याच्या उताराने माझ्या पायरीशी येतं, आणि विचारलं तर म्हणतो, "मालकीणबाई, पाणी उताराने जातं, त्याला मी काय सांगू?" चोराच्या उलट्या बोंबा. हा पाण्याचा वाद माझ्या वारसांनी पुढे चालू ठेवावा आणि माघार घेऊ नये. त्याची बायको सज्जन होती. ती गेली तेव्हा मी गेले होते, डबाही पाठवला होता. पण त्याचा आणि पायरीचा संबंध नाही.

न्यायाने एक नोंद करणं भाग आहे. एका सुट्टीच्या सकाळी कांजीची लघवी पुरती अडली. पोट दगडासारखं. रस्त्यावर एकही गाडी मिळेना. समोरच्याने न विचारता आपली कपडे पोचवायची गाडी काढली आणि दार उघडून उभा राहिला. मी बसले. आणि मग हा माणूस इतक्या हळू गाडी चालवू लागला की सायकली पुढे जात होत्या. वाटभर मी त्याला काय काय म्हटलं ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखं नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं धक्के दिले नाहीत, मूत्राशय फुटलं असतं."  परत आल्यावर तो म्हणाला, "सीटचं कव्हर ओलं झालंय. धुऊन द्या, तुमचा धंदाच आहे." मी ते धुतलं आणि इतकी दाट कांजी घातली की आठवडाभर तो पाटावर बसल्यासारखा ताठ बसून गाडी चालवत होता. त्यामुळे तो हिशोब मिटला आहे.

कलम सात. न नेलेल्या कपड्यांचं कपाट. त्यातले गरम कपडे थंडीआधी वाटून टाकावेत. एका गृहस्थाचा लग्नातला सूट आहे तो मात्र ठेवावा. ते येतील असं मला अजून वाटतं.

कलम आठ. सशाची देखभाल. हे कलम जो कोणी कांजीला सांभाळेल त्याच्यासाठी आहे. शांतपणे वाचा आणि आधी हात धुवा.

लघवी सकाळी आणि संध्याकाळी काढायची. पद्धत डॉक्टरीणबाईंकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. कागद वाचून पोहता येत नाही. टेबलावर टॉवेलची जाड घडी घाला. त्याला उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मागचे पाय कधीही लोंबते ठेवायचे नाहीत. ससा घाबरून लाथ मारतो आणि स्वतःचाच कणा मोडून घेतो. कान धरून उचलणाऱ्याला मी भूत होऊन छळेन. त्याची पाठ आपल्या पोटाशी आली की तो सैल होतो. मग बोटांना खाली एक मऊ गोळा लागतो, लिंबाएवढा. त्यावर हळू, एकसारखा दाब द्यायचा आणि त्याने सोडेपर्यंत थांबायचं. घाई केली तर तो अडवून धरतो. गोळा टणक लागला आणि थेंबही येत नसेल तर अजिबात दाबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

मग मागचा भाग कोमट पाण्याने धुवा. पूर्ण आंघोळ कधीच नाही, त्या धसक्याने ससा मरू शकतो. धुतल्यावर केसांच्या मुळापर्यंत कोरडं करा. वरून कोरडं आणि आत ओलं, ही चूक शिकाऊ लोक लोकरीच्या कोटातही करतात. इथे कातडी भाजल्यासारखी सोलते.

डॉक्टरीणबाई सांगतील त्या दिवशी मानेमागच्या सैल कातडीखाली सलाइन द्यायचं. पिशवी आधी आपल्या काखेत धरून कोमट करा. तुम्हाला गार सुई आवडेल का?

पाणी जड, पसरट भांड्यात. बाटलीपेक्षा तो भांड्यातून जास्त पितो, आणि पाणी हेच त्याचं पहिलं औषध आहे. पाला धुऊन न झटकता, पाणी टपकत असताना द्यावा. वाळलेलं गवत मागेल तितकं, पण साधं. लसूणघास नाही, त्यात कॅल्शियम फार. दुकानात मिळणारं दाणेदार खाणं चिमूटभर. गाजर नाही. माझा मुलगा दर भेटीत गाजरांची जुडी आणतो, कारण त्याने चित्रात पाहिलंय. ती गाजरं मामा खातात.

त्याला हलतं ठेवा. नुसता बसून राहिला की गाळ बसतो. सकाळी तो दुकानाच्या काचेशी उन्हात बसतो, ते बसू द्या, मग काउंटरखालून पळवा. वाळवणीच्या यंत्राची घंटा वाजली की तो पाय आपटतो. ही त्याची तक्रार आहे, आजार नाही. पण सकाळपासून दुपारपर्यंत त्याने काही खाल्लं नाही, तर तो आजार आहे. सशाचं पोट एकदा थांबलं की फार वेळ हातात राहत नाही.

आणखी एक गोष्ट. दाबून, धुऊन, पुसून झालं की त्याला खाली सोडायची घाई करू नका. एवढा छळ सोसल्यावर तो मान वळवतो आणि आपला अंगठा चाटतो. मला हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तशीच उभी राहिले होते. त्या जिवावर माझं अतोनात प्रेम आहे. लिहून ठेवते, म्हणजे कोणी 'म्हातारीला चाळा होता' असं म्हणायला नको.

कलम नऊ. कांजी हा ससा मी

हे कलम तीन दिवस इथेच अडलं आहे.

मुलगा मागच्या शनिवारी मुद्दाम शिकायला आला होता. टॉवेल घातला, बाह्या सरसावल्या. सुई बाहेर काढली आणि हा माझा सहा फुटी मुलगा पांढराफटक पडून खाली बसला. कांजी त्याच्याकडे बघत पाला खात होता. "आई, मला नाही जमणार गं," म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. न जमणारं काम जमेल म्हणून घेणाऱ्यापेक्षा हे बरं. मुलीची तयारी पूर्ण आहे, पण तिला दमा आहे. गवताच्या धुळीने तिची छाती भरते. तोंडाला फडकं बांधून तिने दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी मीच तिला घरी पाठवलं. मुलगी आजारी पाडून ससा जगवायचा नाही. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि हात थरथरतो, मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "ताई, नका विचारू, नाही म्हणताना जीव जाईल माझा." डॉक्टरीणबाईंच्या घरी चार मांजरं आहेत. मांजराच्या वासाने हा खाणं सोडतो.

आणि अनोळखी माणसाला देऊन उपयोग नाही. त्याला एकदा टोपलीत घालून सोडून दिलेलं आहे.

मला ऑपरेशनची भीती वाटत नाही. छाती उघडतील, शिवतील, मी शिवणीतली बाई आहे, मला त्याचं काही नाही. मला भीती वाटते ती या कलमाची. दोन दिवस डॉक्टरीणबाई येऊन लघवी काढतील, पण मी शुक्रवारी उठले नाही तर शनिवारी सकाळी तो काचेशी बसेल, पोट भरलेलं असेल, आणि त्याला हात लावणारं कोणी नसेल. दुसरा एक मजकूर मी लिहून पाहिला: 'कोणी न मिळाल्यास डॉक्टरीणबाईंनी त्याला वेदना न होता झोपवावे.' खोडला. पुन्हा लिहिला. पुन्हा खोडला. आता सही करायच्या वेळी बघू.

पुरवणी. बुधवार, सहीचा दिवस. खालील मजकूर मी दुकानाच्या काउंटरवर, वकिलांच्या समक्ष लिहीत आहे, म्हणून अक्षर वाकडं आहे.

सहीला दोन साक्षीदार लागतात. वकिलांनी बजावलं होतं, "काकू, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष नको. पुढे वाद होतात." म्हणून मुलगा, मुलगी, मामा, तिघेही बाद. एक डॉक्टरीणबाई ठरल्या; दवाखाना ट्रस्टचा आहे, सशाच्या ठेवीतलं त्यांच्या खिशात काही जात नाही. दुसरा कोण? ज्याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही याची मला पक्की खात्री आहे असा माणूस शोधला, तर एकच निघाला. निरोप पाठवला. समोरचा आला. इस्त्रीचा सदरा घालून आला होता. इस्त्री बरी होती.

डॉक्टरीणबाईंना एका गाईमुळे उशीर झाला. आम्ही थांबलो. वकील पेपर वाचत होते, समोरचा माझ्या पायरीकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे. तेवढ्यात कांजीची वेळ झाली. मी उठले, वाकले, आणि त्याला उचलायच्या आतच दम लागला. डोळ्यांपुढे काजवे. स्टुलावर बसावं लागलं. वकील घाबरून उभे राहिले आणि त्यांनी सशापासून कोट लांब धरला.

समोरचा काउंटरच्या आत आला. रॅकवरून टॉवेल घेतला, त्याची तीन पदरी घडी घालून टेबलावर ठेवली. खाली वाकला. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. कांजीची पाठ आपल्या पोटाशी घेतली आणि म्हणाला, "मी धरतो. तुम्ही बसल्या बसल्या दाबा."

मी दाबलं. कांजी आखडला नाही. झाल्यावर त्याने कोमट पाणी मागितलं, धुतलं, आणि केस बोटांनी उलटे करून मुळापर्यंत पुसले.

मी विचारलं, "कुठे शिकलात?"

"रोज सकाळी तुम्ही काचेपलीकडे हेच करता. माझं दुकान समोर आहे. दुसरं काय बघणार? गिऱ्हाइकं तर सगळी तुमच्याकडे."

डॉक्टरीणबाई आल्या. वकिलांनी मृत्युपत्र मोठ्याने वाचलं. साक्षीदारांना मजकूर माहीत असण्याची गरज नसते म्हणे, पण मी वाचायला लावलं. कलम सहा त्याने ऐकलंच पाहिजे अशी माझी इच्छा होती. त्याने ऐकलं. "उताराचं पुन्हा तेच," एवढं पुटपुटला. कलम नऊपाशी वकील थांबले.

"काकू, हे असं मोकळं ठेवता येणार नाही. काहीतरी लिहा."

मी म्हटलं, "लिहिते. डॉक्टरीणबाईंनी त्याला..." आणि पुढचा शब्द तोंडातून बाहेर पडेना. डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. मी पेन हातात धरून बसले. शेवटी वकील हलक्या आवाजात म्हणाले, "तोवर साक्षीदारांची नावं तरी घालू," आणि त्यांनी माझ्या हातातलं पेन समोरच्याला दिलं.

त्याने आपलं नाव घातलं. मग थांबला. पेनाला टोपण लावलं आणि पेन काउंटरवर ठेवून दिलं.

"मी साक्षीदार होणार नाही."

माझं डोकंच फिरलं. "आयुष्यभर आडवे आलात! उद्या माझी छाती फाडणार आहेत, आणि आज एक सही करायला तुमचं काय जातं?"

तो माझ्याकडे न बघता वकिलांना म्हणाला, "साहेब, ज्याला यातून काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असं म्हणालात ना?"

"हो, नकोच."

"मग माझी चालणार नाही. दुसरा माणूस बघा."

मला कळायला वेळ लागला. डॉक्टरीणबाईंना आधी कळलं; त्यांनी तोंडावर हात धरला. मी म्हटलं, "सुई टोचावी लागते. तुम्हाला नाही जमायचं."

"बायकोला सहा वर्षं इन्सुलिन मीच देत होतो. बाकीचं डॉक्टरीणबाई शिकवतील. मांजर नाही, दमा नाही, गाजरं मला आवडत नाहीत. आणखी काही?"

मी रडले. वकिलांसमोर, डॉक्टरीणबाईंसमोर, आणि ज्याच्यासमोर कधी रडायचं नाही असं ठरवलं होतं त्याच्यासमोर रडले. आता कलम नऊ पुरं करते.

कलम नऊ. कांजी हा ससा, त्याची टोपली, पाण्याचं जड भांडं, त्याचे सर्व टॉवेल आणि औषधांचा डबा मी समोरच्या दुकानाच्या मालकांना, त्यांच्या संमतीने, देत आहे. मी दवाखान्यात असेन तेवढे दिवसही तो त्यांच्याकडे राहील. सकाळी त्यांच्या काचेत ऊन येत नाही, म्हणून त्यांनी त्याला रोज रस्ता ओलांडून माझ्या काचेत आणून बसवावं. मुलीने त्यासाठी किल्ली द्यावी. कलम सहामधला पाण्याचा वाद कायम आहे. ससा आहे म्हणून त्यांनी त्यात सूट मागू नये. 'काडीही मिळू नये' हे शब्द मात्र मी स्वतः खोडत आहे आणि बाजूला आद्याक्षरं करत आहे.

समोरच्याने माझ्या खांद्यावरून हे सगळं वाचलं. कांजी त्याच्या कोपरापाशी, टॉवेलात, अंगठा चाटत होता. अंगठा माझा नव्हता.

"बरोबर लिहिलंय, मालकीणबाई," तो म्हणाला. "फक्त हे कलम अमलात आणायची घाई करू नका."

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे, तो मला मान्य आहे, आणि राजीखुशीने, रडून झाल्यावर, पूर्ण शुद्धीत मी सही करत आहे.

ठिकाण: दुकानाचं काउंटर.
दिनांक: बुधवार, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, शटर अर्धं खाली असताना.

(सही) लिहून ठेवणार, लॉन्ड्रीची मालकीण

साक्षीदार:

१. (सही) जनावरांची डॉक्टर. यांच्या समक्ष मी सही केली.

२. नाव खोडले आहे. लाभार्थी.

२. (सही) एक गिऱ्हाईक. दोन शर्ट न्यायला आले होते. माझी सही यांनी डोळ्यांनी पाहिली. शर्ट मिळाले, या मृत्युपत्रातून यांना काहीही मिळत नाही.